थोरल्याची कवळी

काशीरामच्या तोंडात कवळी आहे, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. ती आपण कोल्हापूरला जाऊन करून घेतली, असं त्यानंच सांगितलं होतं. पालीवरून कोल्हापूरची एस.टी. रोज जाते, तेव्हा त्यात कुणाला नवल वाटायचं कारणही नव्हतं. खरी गोष्ट अशी होती की ती कवळी त्याच्या तोंडासाठी कुणी केलेलीच नव्हती. ती त्याच्या थोरल्या भावाची होती, आणि थोरला भाऊ गंगाराम दोन वर्षांमागं मुंबईत वारला होता.

गंगाराम गिरणीत होता. तीस वर्षं त्यानं एका खोलीत सात-आठ गाववाल्यांबरोबर काढली. शिमग्याला नाहीतर गणपतीला तो घरी यायचा, पंधरा दिवस राहायचा आणि पुन्हा ट्रंक उचलायचा. त्याची बायको तुळसा गावीच असे. एकुलती लेक पावस गावाच्या बाजूला दिलेली. काशीरामची बायको कधीच गेली होती आणि मुलगा लांब बोटीवर कामाला होता, त्यामुळे घरात माणसं तीनच. काशीराम, त्याची सून राही आणि तुळसावहिनी. गिरण्यांच्या संपात गाव भरून माणसं परत आली, पण गंगाराम आला नाही. काहीतरी बदली काम करत तिथंच राहिला. त्र्याऐंशीच्या श्रावणात त्याला ताप भरला, तो छातीत उतरला आणि चार दिवसांत माणूस गेला.

तार आली तेव्हा काशीराम एकटाच मुंबईला गेला. सगळं उरकल्यावर खोलीतल्या माणसांनी त्याच्या हाती पत्र्याची ट्रंक दिली आणि वर एक ॲल्युमिनियमची डबी ठेवली. "दवाखान्यात नेताना काढून ठेवली होती," ते म्हणाले. डबी उघडून बघायची काशीरामला गरज नव्हती. तीत काय आहे हे घरच्या माणसांत फक्त त्यालाच माहीत होतं.

त्याच्या चार वर्षं आधी तो भावाकडं गेला होता, तेव्हा सकाळी मोरीपाशी त्यानं त्याला बिनदातांचा बघितला होता. हिरड्या सडल्यामुळे सगळे दात काढावे लागले होते. गंगारामनं झटकन भिंतीकडं तोंड केलं, कवळी बसवली आणि मग वळून म्हणाला, "काशी, तुझ्या वयनीला ह्यातला काय बोलू नको. वर्षाचे पंधरा दिवस मी तिच्यासमोर असतो. तेवढ्यात बोळका म्हातारा कशाला दाखवू तिला?" काशीरामनं मान हलवली होती आणि शब्द पाळला होता.

भावाच्या अस्थी त्यानं रत्नागिरीला भाट्याच्या खाडीत सोडल्या. डबीही त्यांच्याबरोबर सोडायची असं ठरवलं होतं. अस्थी पाण्यात गेल्यावर त्यानं सदऱ्याच्या खिशात हात घातला, डबी बोटांना लागली, आणि हात तसाच रिकामा बाहेर आला.

त्याचे स्वतःचे दात तोवर गेले होते. तंबाखूनं म्हणा की आणखी कशानं, साठीच्या आतच दोन्ही हिरड्या मोकळ्या झाल्या होत्या. शेतकरी माणसाला त्याचं एवढं काही वाटू नये, पेज-भात दातांवाचून पोटात जातो. पण काशीराम गावाचं गाऱ्हाणं घालायचा. शिमग्याला देवाची पालखी गावाच्या मोकळ्या मांडावर बसली की नारळ हातात घेऊन सगळ्या गावाच्या वतीनं देवाशी बोलायचं आणि प्रत्येक वाक्याला गावानं "व्हय म्हाराजा" म्हणायचं, हा मान त्याच्या घरात आजोबापासूनचा. भाऊ वारायच्या आधीच्या शिमग्यात त्याच्या बोळक्या तोंडातून अर्धे शब्द नुसते वारा होऊन बाहेर पडले. वाक्य कुठं संपलं ते माणसांना कळेना. "व्हय म्हाराजा" उशिरा आणि फुटकं-तुटकं आलं. पोरं हसली. घरी जाताना उतरणीवर केरू गावकर कुणाला तरी सांगत होता, "फुडच्या साली काशीरामला घरी बसवूया आता. देवाला तरी समजला पायजे." काशीराम चार पावलं मागं होता. त्यानं ऐकलं.

डबी न सोडण्याचं एवढंच कारण. पुढं त्यानं स्वतःशी पुष्कळ कारणं रचली. वस्तू वायाच गेली असती, भावाचं भावाला येतं, दादानं नको म्हटलं नसतं. पण रचलेलं ते रचलेलंच. ज्या गोष्टीचा कुणाला पत्ता नाही ती कुणी मागणार नाही, हे त्याला खाडीच्या काठावरच सुचलं होतं.

तेरावं झाल्यावर गोठ्यामागं जाऊन, राहीचा आरसा कुडाला टेकवून, त्यानं ती तोंडात घातली. थोरल्याचा जबडा रुंद होता. वरची कवळी पुढं यायची आणि कड ओठाच्या आत रुतायची. त्यानं कानस घेऊन कड घासली, आतून कापसाची वळी लावली. मग पंधरा दिवसांनी "कोल्हापूरला जातंय" म्हणून निघाला, पालीला एका ओळखीच्याकडं दोन रात्री काढल्या आणि दात घालून घरी आला.

तुळसानं दारातच बघितलं. "बरा केलात भावजी," ती म्हणाली. "चेहरा भरला. हसलात की तुमच्या भावासारखे दिसता."

त्या दिवसापासून तिच्यासमोर हसायचं तो टाळू लागला. पण पुढच्या दोन्ही शिमग्यांना त्याचं गाऱ्हाणं खणखणीत झालं, आणि गावाचा होकार एका दमात आला. मांडावरून परतताना छाती भरलेली असायची. घरी आल्यावर तुळसा पाण्याचा तांब्या पुढं करायची, आणि ती छाती तिथंच बसायची.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात त्याच्या जिभेला वरच्या ओठाच्या आत काहीतरी लागलं. आधी भाताच्या शिताएवढं वाटलं. गणपतीपर्यंत त्याची वळी झाली. दिवाळीत वळीशेजारी दुसरी वळी आली. दुखत नव्हतं, पण जीभ सारखी तिथंच जायची. कवळी काढून ठेवावी तर लोक विचारतील, ठेवली तर ते मांस तिच्या कडेभोवती वाढत चाललेलं. वाडीतला लवू तीन वर्षांमागं तोंडाच्या कॅन्सरनं गेला होता. शेवटी शेवटी त्याच्या पडवीत कुणी बसायला जात नसे, एवढा वास यायचा. काशीराम तेव्हा दोनदाच गेला होता. आता त्याला ते दोन दिवस रोज आठवायचे. आणि त्याहून खाली, जिथं माणूस दुसऱ्या कुणाला नेत नाही तिथं, त्याला वाटायचं की हे बरोबरच आहे. ज्याचं चोरलं तोच आत उगवतोय.

तो बोलणं कमी करू लागला. जेवताना पंचा तोंडाशी धरायचा. भाकरी सोडली, ताकात भात कालवून गिळू लागला. राहीला वाटलं म्हातारपण. तुळसाला तसं वाटलं नाही. मार्गशीर्षात एक दिवस त्याचं ताट उचलताना तिला भाताच्या कडेला लाल डाग दिसला.

"भावजी, ह्या काय?"

"जीभ चावली."

"पंचावर पण हाय. काल पण हुता." तिनं ताट खाली ठेवलं. "तोंड उघडा."

काशीरामनं मान फिरवली. तुळसा त्याच्याहून वर्षा-दीड वर्षांनीच मोठी, पण थोरली वहिनी. त्याच्या आईमागं तिनंच घर सांभाळलं होतं. ती समोर बसून राहिली. बसून राहिली म्हणजे उठायची नाही, हे त्याला माहीत होतं. शेवटी त्यानं ओठ वर उचलला. तुळसानं बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. लवूचं नाव दोघांनीही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती त्याला घेऊन रत्नागिरीला गेली. मी एकटा जातो असं त्यानं तीन वेळा सांगून बघितलं. ती लुगडं बदलून आधीच अंगणात उभी होती.

दातांचे डॉक्टर परकार बाजारामागच्या गल्लीत, एक जिना चढून. चाळिशीचे, मूळचे खाडीकाठचेच, बोलणं मऊ. त्यांनी काशीरामला खुर्चीत बसवलं, तुळसाला बाजूचं स्टूल दिलं. "कवळी काढा बघू," म्हणाले. काशीरामनं हाताच्या आडोशानं ती काढली. डॉक्टरांनी ती पांढऱ्या तबकात ठेवली आणि दिवा ओढून त्याचा ओठ उचलला.

ओठ आणि हिरडी जिथं मिळतात त्या खोबणीत मांसाच्या दोन लांबट वळ्या लोंबत होत्या, कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या, आणि दोहोंच्या मधल्या भेगेत तळाशी एक छोटी ओली जखम होती. डॉक्टरांनी बोटानं वळ्या दाबल्या, हलवून बघितल्या. मग हनुवटीखाली आणि मानेला दोन्ही बाजूंनी चाचपलं.

"किती दिवस झाले?"

"पाच-सहा महिने."

"डाक्टर, कॅन्सर हाय का?" तुळसानं विचारलं. जिना चढताना तिनं तो शब्द तयार ठेवला असावा.

"तसं वाटत नाही मला. मऊ आहे, हलतं आहे, गळ्याला गाठ नाही. कवळी रुतून रुतून असं मांस वाढतं. पण खात्री तुकडा काढून तपासल्यावरच." डॉक्टरांनी तबकातली कवळी उचलली. "ही कुणी केली?"

"कोल्हापूरला," काशीराम म्हणाला.

"कोल्हापूरला कुणाकडं?"

काशीरामला नाव सुचेना. तुळसानंच उत्तर दिलं, "दोन वर्सं झाली. दोन दिस तिकडं ऱ्हायले हुते त्यासाठी."

डॉक्टरांनी कवळी उजेडात फिरवली. कानशीचे ओरखडे बघितले, आत चिकटलेला कापूस चिमट्यानं सोडवला. एकदा कवळीकडं, एकदा काशीरामच्या जबड्याकडं बघितलं. मग चिठ्ठीवर काहीतरी लिहून तुळसाला म्हणाले, "बाई, खाली औषधाच्या दुकानात हे गुळण्यांचं औषध मिळेल. तेवढं घेऊन याल?"

तिची पावलं जिन्यावर उतरत गेली, तोवर ते थांबले.

"ही तुमच्या तोंडाची नाही," ते म्हणाले.

काशीरामनं खुर्चीच्या हातावरचं रेक्झीन बघितलं.

"मी जाब विचारत नाही. मला औषध करायचं आहे म्हणून विचारतो."

"भावाची हाय."

"त्यांनी दिली?"

"ते वारले."

डॉक्टर उठले. त्यांनी नळ सोडला आणि कवळी बोटांनी चोळून, सावकाश, नीट धुतली. शिव्या दिल्या असत्या तर काशीरामनं ऐकून घेतल्या असत्या. ते धुणं त्याला बघवलं नाही.

"कोयत्याच्या मुठीनं हाताला घट्टा पडतो की नाही?" डॉक्टर म्हणाले. "तसंच हे. तोंडाची कातडी नाजूक, ती घट्ट व्हायच्याऐवजी वाढत जाते. आता ही अजिबात घालायची नाही. तीन आठवडे. तेवढ्यात जखम भरली पाहिजे. नाही भरली तर मला काळजी वाटेल. सूज उतरेल, पण ह्या वळ्या जुन्या झाल्यात, त्या कापाव्याच लागतील. भूल देऊन कापतो, दुखणार नाही. तंबाखू आजपासून बंद." त्यांनी कवळी कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिली.

"वयनीला सांगू नका," काशीराम म्हणाला.

थोरल्यानं मोरीपाशी हेच म्हटलं होतं. शब्द तेच, पण भावानं ते आपली अब्रू बायकोच्या डोळ्यांत राहावी म्हणून म्हटले होते. आपण कशासाठी म्हणतोय, हे खुर्चीतून उठताना काशीरामला पुरतं कळलं.

तीन आठवडे तो बिनदातांचा घरात वावरला. तुळसा त्याच्यासाठी भात मऊ शिजवायची, भोपळा घोटून द्यायची. आणि तिनं म्हावरं सोडलं. मासळी विकणारी हिरा आठवड्यातून दोनदा टोपली घेऊन अंगणात यायची. पहिल्यांदा तुळसानं तिला परत पाठवलं तेव्हा हिरा म्हणाली, "काय गो, वार तर न्हाय आज." तुळसा म्हणाली, "भावजींचा तोंड बरा होयपर्यंत मी खानार न्हाय. देवाला बोललंय मी." काशीराम पडवीत होता. ज्या बाईनं आषाढातसुद्धा सुकटीवाचून घास गिळला नव्हता, ती त्याच्या चोरीपायी वरणभात जेवत होती. त्यानं देवाला काहीच म्हटलं नाही. काय म्हणणार? गावासाठी बोलायला त्याची जीभ सराईत होती, स्वतःसाठी एक वाक्य जुळेना.

जखम भरली. डॉक्टर खूष झाले. वळ्याही निम्म्यावर आल्या होत्या. पौषात एका सकाळी त्यांनी ओठात सुई दिली, ओठ जड झाला, आणि काशीरामला फक्त कात्रीचा आवाज ऐकू येत राहिला. सहा टाके पडले. काढलेलं मांस त्यांनी औषधाच्या बाटलीत टाकलं. शिंपल्यातल्या शिजवलेल्या तिसऱ्यांसारखे ते दोन पांढुरके तुकडे तळाशी जाऊन बसले. "मिरजेला पाठवतो," डॉक्टर म्हणाले. "रिपोर्टाला बारा-पंधरा दिवस लागतील."

त्या पंधरा दिवसांत काशीरामनं ठरवून टाकलं. रिपोर्ट वाईट आला तर वहिनीला सगळं सांगायचं. मरणाऱ्या माणसावर कुणी रागावत नाही, हेही त्यानं मनाशी धरलं होतं.

रिपोर्ट चांगला आला. "साधी वाढ आहे. कॅन्सरचं नावसुद्धा नाही," डॉक्टरांनी कागदावर बोट ठेवून सांगितलं. "दीड महिना हिरडी बसू दे, मग तुमच्या मापाची कवळी करू." तुळसानं तिथंच पदरानं डोळे पुसले. परतीच्या गाडीत ती सारखी बोलत होती. आणि खिडकीशी बसलेल्या काशीरामला आपल्या मनातला पहिला विचार ऐकू आला. आता सांगायची गरज नाही. नवी कवळी येईल, जुनी खाडीत जाईल, संपलं. त्याला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याची अशी काही लाज वाटली की कपाळ खिडकीच्या गजाला टेकवून तो घर येईपर्यंत बाहेर बघत राहिला.

घरी आल्यावर तुळसानं गंगारामच्या फोटोपुढं दिवा लावला. "ह्यांनीच राखल्यानी तुमाला," ती म्हणाली. "धाकट्यावर जीव हुता त्यांचा."

दुसऱ्या दिवशी हिरा आली. तुळसानं बांगडे घेतले आणि दुपारी परसात विळीवर साफ करायला बसली. राही नदीवर धुणं घेऊन गेली होती. काशीराम मागच्या दारात येऊन उभा राहिला, आत गेला, पुन्हा आला.

"वयनी, ती कवळी कोल्हापूरची न्हवती."

"मग कुठली?" तिनं वर न बघता विचारलं.

"दादाची."

"त्यांना कुठं कवळी हुती?"

मग त्यानं सांगितलं. उंबऱ्यावर बसून, बोळक्या तोंडानं, मोरीपासून सुरुवात करून खिशातल्या डबीपर्यंत, गोठ्यामागच्या आरशापर्यंत, पालीच्या दोन रात्रींपर्यंत. मधे कुठं थांबला नाही, कारण थांबलो तर पुढचं राहील अशी भीती होती. तुळसाच्या हातातला बांगडा तसाच राहिला. तिच्या मागं कावळा येऊन एक डोकं उचलून घेऊन गेला, तिला कळलं नाही.

ती ओरडेल, मेल्या माणसाच्या तोंडचं चोरलंस म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. त्याला ते हवं होतं. ती म्हणाली, "दात कधी काढल्यानी ते?"

"वारले त्याच्या आधी चार वर्सं."

तुळसानं मनाशी वर्षं मोजली. "त्या साली गणपतीला आले आन् पडवीत निजाय लागले," ती हळू म्हणाली. "उकडता म्हणाले. भायेर पाऊस पडत हुता, भावजी, आन् ते उकडता म्हणाले." "बोलताना तोंडावर हात. हसनं बंद. ऊस सोलून दिला तर नको. माझ्याकडं बघूनसुदा बघायचे न्हाईत. मग संप झाला, समदे गावाला आले, हे आले न्हाईत. मी काय समजले, ठाव हाय?"

तिनं विळी बाजूला सारली.

"मी समजले, मुंबईला दुसरी कोनतरी केल्यानी."

परसात माश्या घोंगावत होत्या. तिनं बांगडा परातीत ठेवला.

"तार आली तवा मी रडले ती माणसांना दाखवाय रडले. मनात म्हनत हुते, तिकडं पन कोन तरी रडत आसल. तिला जाऊन सांगा, माझ्या दारात कशाला आलाव. दोन वर्सं मी त्यांच्या फोटूफुडं दिवा लावतंय तो नुसत्या हातानं लावतंय, मनानं न्हाय." आता तिनं त्याच्याकडं बघितलं. "तुमाला म्हाईत हुता. एक शब्द बोलला असतात तर मी त्यांना नीट रडले असते. दोन वर्सं तुमी ता तोंडात धरून बसलात."

चोरीची लाज काशीरामनं दोन वर्षं वागवली होती. तिची त्याला सवय झाली होती. पण चोरलं नेमकं काय होतं, हे त्याला आत्ता कळलं.

"कुठं हाय ती?" तुळसानं विचारलं.

त्यानं कागदाची पुडी आणून दिली. तिनं आधी राखेनं हात धुतले, मग पुन्हा साबणानं धुतले, वास घेऊन बघितला आणि तिसऱ्यांदा धुतले. मग पुडी उघडली. वरची कवळी तळहातावर घेऊन तिनं पुढच्या दातांवरून अंगठा फिरवला.

"चांगले हुते की," ती म्हणाली. "हसले असते तरी चालला असता."

तिनं ती पदराच्या टोकाला बांधली आणि आत गेली. पुढं तिनं ती कुठं ठेवली, ठेवली की पाण्यात सोडली, हे काशीरामनं कधी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. बांगड्यांचं कालवण संध्याकाळी राहीनं केलं. तुळसा त्या दिवशी जेवली नाही. नंतरचे दहा-बारा दिवस ती त्याच्याशी थेट बोलली नाही. "मामंजींना भात वाढ," एवढं राहीला सांगायची. राहीनं काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा काशीरामनंच तिला सगळं सांगितलं. मग केरूच्या घरी जाऊन, यंदापासून गाऱ्हाणं तू घाल, असं म्हणाला. केरूनं कारण विचारलं, तर तेही सांगितलं. केरू खाली बघत म्हणाला, "चाय घेशील?" गावात बोलणं झालं, काहीजण हसले, काहींनी त्याच्या अंगणातून जाणं सोडलं. ह्यातलं काही त्याला जड गेलं नाही. घरातली गप्प ताटं जड गेली.

चैत्रात डॉक्टर परकारांनी मेणानं माप घेतलं आणि पंधरा दिवसांनी नवी कवळी बसवली. ती दोन ठिकाणी टोचत होती. डॉक्टरांनी दोनदा बोलावून तेवढंच घासून दिलं, आणि दर सहा महिन्यांनी दाखवायला या, म्हणून बजावलं. नव्या दातांनी त्यानं पहिलं काम केलं ते पत्र सांगण्याचं. राहीकडून त्यानं मुंबईच्या खोलीवर पत्र लिहवून घेतलं. गंगारामशेजारी जो वीस वर्षं निजला होता त्या बाबल्याला. मे महिन्यात सुट्टीवर येशील तेव्हा आधी आमच्याकडं ये, वहिनीला दादाविषयी काय आठवतं ते सांग, मला काही विशेष माहीत नाही, असं.

बाबल्या आला. बुटका, बडबड्या माणूस, येताना मुंबईची बिस्किटं घेऊन आला. काशीरामनं त्याला ओटीवर तुळसासमोर बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः बाहेर पडवीत येऊन बसला. आतून बाबल्याचा आवाज येत होता. गिरणी बंद पडल्यावर गंगाराम एका गोदामावर रखवालीला राहायचा. पगाराच्या दिवशी सगळ्यांना जिलबी आणायचा, पण स्वतः खायचा नाही. गावाहून आलेली पत्रं उशीखाली ठेवायचा. तुळसा काहीतरी विचारायची, ते ऐकू यायचं नाही. फक्त त्यानंतर बाबल्या आणखी सांगायचा, एवढं कळायचं.

राही चहा घेऊन आत जाताना थांबली. "मामंजी, तुमी पन या की आत."

"न्हाय," काशीराम म्हणाला. "बसू दे त्यांना."

ती आत गेली. काशीराम गुडघे जवळ घेऊन पडवीतच बसून राहिला, आणि बाबल्याचं बोलणं संपेपर्यंत हलला नाही.